वाचून दाखविले, बरोबर आहे

अंगठ्याला शाई लावून झाली, कागदावरची जागा दाखवून झाली, आणि मग हौसाबाई कुंभार म्हणाली, "आता वाचा."

"काय वाचू?"

"लिवलंय ते."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वादोन. कोर्टाची जेवणाची सुट्टी सुरू होऊन पंधरा मिनिटं झाली होती आणि माझा डबा टेबलाच्या खणात गार होत होता.

"आजी, तुम्ही बोललात तेच आहे त्यात."

"मी बोलले ते मला ठावं हाय. तुमी काय लिवलं ते ऐकते की."

सत्र न्यायालयात लघुलेखक म्हणून मला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. या अकरा वर्षांत एकाही साक्षीदाराने मला असलं काही सांगितलं नव्हतं. कायद्यात तसं आहे, नाही असं नाही. जबानी संपली की ती साक्षीदाराला वाचून दाखवायची, त्याने बरोबर आहे म्हटलं की सही किंवा अंगठा घ्यायचा. आम्ही कायदा मोडत नव्हतो. कायदा पाळण्यासाठी मी पदरच्या पैशाने एक रबरी शिक्काच करून घेतला होता: 'वाचून दाखविले, बरोबर असल्याचे मान्य केले.' शिक्का मारायला दोन सेकंद लागायचे. वाचायला अर्धा तास लागला असता. न्यायदानातला विलंब टाळण्यात माझा हा एवढा वाटा.

जिल्ह्याचं नाव सांगत नाही. एक्क्याण्णव सालची गोष्ट आहे, पण तिथली माणसं अजून आहेत आणि तिथली वाक्यं तर नक्कीच आहेत.

खटला यल्लप्पा नावाच्या एका पंचविशीतल्या माणसावर होता. गावोगाव फिरून गुळगुळीत झालेल्या जात्या-पाट्यांना छिन्नीने टाकी लावून द्यायची, हा त्याचा धंदा. एका लाकडाच्या वखारीला भर दुपारी आग लागली आणि आत झोपलेला रखवालदार दोन्ही हातांनी भाजला. वखारवाल्याचं आणि यल्लप्पाचं दोनच दिवस आधी कशावरून तरी भांडण झालं होतं. वखारवाल्याच्या पुतण्याने सांगितलं की, तीनच्या सुमारास मी यल्लप्पाला वखारीतून पळताना पाहिलं. पोलिसांना एवढं पुरलं. यल्लप्पाला घर नव्हतं, शेत नव्हतं, मतदारयादीत नाव नव्हतं. असा आरोपी मिळाल्यावर आणखी शोधाशोध करणं हा सरकारी वेळेचा अपव्यय ठरला असता. चौदा महिने तो तुरुंगात होता.

त्याच्या बाजूने एकच साक्षीदार होती, ती ही हौसाबाई. तिचं गाव वखारीपासून नऊ किलोमीटरवर. त्या दिवशी यल्लप्पा माझ्या अंगणात माझ्या जात्याला टाकी लावत होता, एवढंच तिला सांगायचं होतं. कोर्टात हे सांगायला तिला सकाळी अकरा ते दोन लागले.

याचं कारण आमच्या कोर्टाची भाषा. न्यायाधीश ओगलेसाहेब सज्जन माणूस. लाच नाही, रागावणं नाही. फक्त वाक्य संपवणं त्यांना मानवत नसे. पूर्णविराम दिला म्हणजे मुद्दा सोडून दिला, असं त्यांना वाटत असावं. सरकारी वकील चौगुले तर प्रश्न असा सुरू करायचे की, साक्षीदाराला मध्ये एकदा पाणी पिऊन येता आलं असतं. आणि आरोपीला सरकारकडून फुकट मिळालेले वकील बिडकर, ते तर 'सदरहू' आणि 'उपरोक्त' यांच्या पलीकडे फारसे गेलेच नव्हते. पद्धत अशी की वकील प्रश्न विचारणार, साक्षीदार बोलणार, साहेब ते शुद्ध करून मला सांगणार आणि मी टाइप करणार. 'शुद्ध करून' म्हणजे साक्षीदाराचं त्यात काही राहू न देता.

त्या दिवशी उलटतपासणीच्या शेवटी चौगुले उठले, काळा कोट सारखा केला आणि म्हणाले, "बाई, त्या दिवशी तुम्ही घड्याळ पाहिलेलं नसल्यामुळे, दुपारी दोन ते चारच्या दरम्यान आरोपी तुमच्या अंगणातून गेलेला नव्हता असं तुम्ही खात्रीनं सांगू शकत नाही, हे म्हणणं खरं नाही असं तुमचं म्हणणं नाही, बरोबर?"

हौसाबाईने एवढ्या गर्दीतून एकच ओळखीचा शब्द पकडला. "नाय गेला ओ. कुठं जाईल? हुता की."

"बाई, फक्त हो किंवा नाही."

तिने बिडकरांकडे पाहिलं. बिडकर कागदात काहीतरी शोधत होते. चष्मा असावा.

"नाय," ती म्हणाली.

शेवटच्या 'म्हणणं नाही'ला तिने होकार दिला असं धरून चौगुले खूश होऊन खाली बसले. ओगलेसाहेबांनी डोळे मिटून सांगायला सुरुवात केली आणि मी टाइप केलं: 'सदर दिवशी मी घड्याळ पाहिलेले नसल्यामुळे दुपारी दोन ते चारच्या दरम्यान आरोपी माझ्या अंगणातून गेलेला नव्हता असे मी खात्रीने सांगू शकत नाही, हे म्हणणे खरे नाही असे माझे म्हणणे नाही.' मग दोन वाजले, साहेब उठले आणि सगळे जेवायला गेले.

तर आता ती शाईचा अंगठा हवेत धरून बाकावर बसली होती आणि मी वाचत होतो. जमेल तितक्या वेगाने.

"'मी शपथेवर सांगते की, सदर इसम नामे यल्लप्पा—'"

"थांबा. सदर कुठली?"

"काय?"

"आमच्या गावात सदर येकच. पाटलाच्यात. तितं नव्हता त्यो, माझ्या अंगणात हुता."

"आजी, 'सदर' म्हणजे 'हा'."

"मग 'हा' लिवायला काय झालं?"

मी पुढे वाचलं. 'इसम' म्हणजे माणूस हे तिला सांगितलं. 'नमूद' झालं, 'तद्नंतर' झालं. ती मान हलवत होती, पण हो म्हणून नव्हे. शेजारणीने आपल्या घरातल्या भांडणाची हकीकत भलतीच सांगावी आणि ती सभ्यपणाने ऐकून घ्यावी, तशी.

"ह्ये कोण बोललं सगळं?" शेवटी तिने विचारलं.

"तुम्हीच."

"म्या? येवढं मला आलं असतं तर मडकी कशाला केली असती!"

मी हसलो. भूक लागली होती तरी हसलो. मग ते शेवटचं वाक्य आलं. मी वाचलं.

"पुन्ना वाचा."

पुन्हा वाचलं.

"अजून येकदा. सावकाश."

तिसऱ्यांदा वाचलं. या वेळी मीही ऐकलं. लघुलेखक टाइप करतो तेव्हा ऐकत नाही, बोटं ऐकतात.

"यात," ती म्हणाली, "यल्लप्पा हुता का नव्हता?"

बाहेर व्हरांड्यात शिपाई कुणाला तरी ओरडत होता. दालनात आम्ही दोघंच होतो. 'होता' म्हटलं असतं तर तिने अंगठा उठवला असता, मी शिक्का मारला असता आणि डबा उघडला असता. घड्याळाचा सोडला तरी त्या वाक्यात चार नकार होते. मी पेन्सिल घेऊन ते मोजले. शेवटचे दोन एकमेकांना खाऊन टाकत होते. उरत होतं ते असं: 'तो गेला नव्हता हे मी खात्रीने सांगू शकत नाही.'

"आजी," मी म्हणालो, "यात असं आलंय की, तो तिथंच होता याची तुम्हाला खात्री नाही."

तिने अंगठा स्वतःच्या लुगड्याला पुसला. स्वच्छ, नवं लुगडं होतं. कोर्टात यायचं म्हणून नेसली असणार.

"मग मी न्हाई उठवायची."

"आजी, असं चालत नाही."

"माझी खात्री काढून घेतली तुमी. ती चालती व्हय?"

पावणेतीनला कोर्ट पुन्हा बसलं. मी उभा राहिलो. लघुलेखक सहसा उभा राहत नाही, त्यामुळे साहेबांना वाटलं मला बरं नाही.

"साहेब, साक्षीदार अंगठा द्यायला तयार नाही. तिचं म्हणणं, लिहिलंय ते ती बोललेली नाही."

"तिला काय माहीत काय लिहिलंय?"

"मी वाचून दाखवलं, साहेब."

"का?" ओगलेसाहेबांनी विचारलं.

त्यांनी मनापासून विचारलं होतं. क्षणभर मलाही कारण आठवेना. मग मी हळूच म्हणालो, "कायद्यात आहे, साहेब."

चौगुले ताडकन उठले. साक्षीदाराने उलटतपासणीत दिलेलं उत्तर, ते तिच्या बाजूला गैरसोयीचं ठरत असल्याचं तिला त्रयस्थाकडून कळल्यानंतर, बदलण्याची मुभा नसावी असं म्हणणं वावगं ठरू नये, असं काहीसं ते म्हणाले. त्रयस्थ म्हणजे मी.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "पण तुमच्या प्रश्नाचा अर्थ काय होता, तेवढं एकदा सोप्या शब्दांत सांगा. म्हणजे बाईंना समजावता येईल."

चौगुल्यांनी माझ्याकडून कागद घेतला. वाचला. "अर्थ सरळ आहे. साक्षीदाराचं म्हणणं असं की, आरोपी दोन ते चारमध्ये अंगणातून गेलेला नव्हता."

"म्हणजे तो तिथंच होता?"

"हो. नाही! म्हणजे तो तिथं नव्हता असं नाही... असं तिचं म्हणणं नाही."

"म्हणजे होता."

"नाही साहेब, एक मिनिट." त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. ओठ हलत होते. कोर्टात तीसेक माणसं होती आणि सरकारी वकील बोटांवर नकार मोजत होते. बिडकर पहिल्यांदाच जागे झाल्यासारखे दिसले. साहेबांनी आपल्या वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं, आणि माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. आरोपीच्या पिंजऱ्यात यल्लप्पा गज धरून उभा होता. चाललंय ते आपल्याबद्दल आहे, एवढंच त्याला कळत असावं.

ओगलेसाहेबांनी पेन खाली ठेवलं. चष्मा काढला. आणि अकरा वर्षांत मी ऐकलं नव्हतं असं एक वाक्य कोर्टात ऐकू आलं.

"आजी, त्या दिवशी काय झालं?"

हौसाबाईने साहेबांकडे निरखून पाहिलं. हाही कसला डाव तर नाही ना, हे तिने आधी पाहून घेतलं असावं.

"त्या दिशी माझा आवा हुता. मडकी भाजायची हुती. सावली पायात आली तवा म्या आवा पेटवला. यल्लप्पा त्याच्या आदीच आलता. जात्यापाशी बसून टाकी मारत हुता. मधी त्याच्या डोळ्यात कपची उडाली, ती म्या पदरानं काढली. मग भाकर खाल्ली त्यानं. मग रस्त्यानं बंब गेला, घंटी वाजवत."

"कुठला बंब?"

"आगीचा. लाल. आमच्या गावावरनंच जातो रस्ता. आमी दोगं दारात येऊन बगत हुतो. ह्यो मला म्हणाला, 'आज्जे, कुटंतरी पेटलं बग.'"

नगरपालिकेच्या बंबाची नोंद आधीच पुराव्यात आली होती: तीन वाजून पाच मिनिटांनी निघाला, सव्वातीनला हौसाबाईच्या गावावरून गेला, पुढे नऊ किलोमीटरवर वखारीशी पोचला. आणि पुतण्याने यल्लप्पाला पळताना पाहिलं होतं तीनला.

"हे तुम्ही आधी का सांगितलं नाहीत?" साहेबांनी विचारलं.

"मला कुणी इचारलंच न्हाई. हो म्हणा न्हाईतर नाय म्हणा, येवढंच म्हणत्यात. बंब हो-नाय मदी कसा बसवू?"

साहेबांनी मला सांगितलं, "ती बोलली तसं लिहा." मी विचारलं, "'कपची' पण?" ते म्हणाले, "कपची पण." मग मी तिला ते वाचून दाखवलं. 'कुटंतरी पेटलं बग' आलं तेव्हा ती म्हणाली, "आता कसं!" आणि तिने अंगठा उठवला.

तीन आठवड्यांनी निकाल लागला. ओगलेसाहेबांना एका दुपारी एक सरळ वाक्य बोलावं लागलं होतं, त्याची भरपाई त्यांनी एक्केचाळीस पानांत केली. शेवटचं वाक्य पाऊण पानाचं होतं. आरोपीविरुद्धचा गुन्हा संशयातीतपणे शाबीत करण्यात अभियोग पक्ष यशस्वी झाला आहे असे म्हणणे उपलब्ध पुराव्यावरून शक्य नसल्याने वगैरे वगैरे. साहेब वाचून उठून आत गेले. यल्लप्पा तिथेच उभा. तो पिंजऱ्यातून वाकून मला म्हणाला, "सायेब, किती वर्सं?"

"सुटलास," मी म्हणालो.

त्याने ते दोनदा विचारून घेतलं. मग खाली बसला आणि रडायला लागला, आणि पोलिसाने त्याला सांगितलं की रडायचं ते बाहेर जाऊन रड, पुढची केस आहे.

त्याच संध्याकाळी साहेबांनी मला आत बोलावलं. कागदांवर सह्या चालल्या होत्या. वर न बघता त्यांनी विचारलं, "मांढरे, बाकीच्या साक्षीदारांना जबान्या वाचून दाखवलेल्या असतात ना?"

"असतात, साहेब."

त्यांचं पेन थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि ते परत सह्या करू लागले. दोन सभ्य माणसांत याहून जास्त बोलणं बरं दिसत नाही.

पण मी घरी गेलो नाही. अभिलेखागारात गेलो, म्हणजे जुनी कागदपत्रं ठेवतात त्या खोलीत. मला रावजी खिलारे आठवला होता. चार वर्षांपूर्वी बांधावरच्या मारामारीत त्याच्या धाकट्या भावाला, सीतारामला, सात वर्षांची शिक्षा झाली होती. निकालाच्या दिवशी रावजी व्हरांड्यात माझ्यापाशी आला होता. "साहेब, मी तर भाऊ तिथं नव्हता असं सांगितलं होतं. मग निकालात माझंच नाव कसं घेतलं?" मी त्याला म्हणालो होतो, "वकिलाला विचारा." पाच वाजले होते आणि मला बस गाठायची होती.

जबानी सापडली. तेव्हाचे न्यायाधीश वेगळे होते, वाक्य तेच होतं. 'घटनेच्या वेळी माझा भाऊ सदर ठिकाणी हजर नव्हता असे मी पोलिसांना सांगितले नाही, हे म्हणणे खरे नाही असे म्हणता येणार नाही.' टाइप माझं. शिक्का माझा. मी रीतसर अर्ज करून नक्कल घेतली आणि पुढच्या रविवारी रावजीच्या गावी गेलो.

तो गोठ्यात होता. त्याने मला ओळखलं नाही. ओळखायचं कारणही नव्हतं. मी कोण ते सांगितलं. मग म्हणालो, "तुमची जबानी मी तुम्हाला वाचून दाखवली नव्हती. आज वाचतो."

तो हातातली वैरण तशीच धरून ऐकत राहिला. मी त्या वाक्याचा अर्थ सांगितला: भाऊ तिथे नव्हता असं तुम्ही पोलिसांना सांगितलंच नाही. तो म्हणाला, "हे मी बोललो नाही."

"माहीत आहे."

"तुम्हाला तवा माहीत हुतं?"

"तेव्हा मी ऐकलंच नव्हतं."

मला वाटलं तो अंगावर येईल. आला असता तर बरं झालं असतं. त्याने वैरण गाईपुढे टाकली, हात झटकले आणि आत वळून म्हणाला, "जरा पाणी आणा." पाणी घेऊन आली ती सीतारामची बायको. मी कोण आहे हे तिला माहीत नव्हतं. तिने तांब्या दिला आणि 'बसा की' म्हणाली. मी प्यालो. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

सीतारामचं अपील उच्च न्यायालयात पडून होतं. त्याच्या वकिलाने माझं प्रतिज्ञापत्र तयार केलं. पहिलंच वाक्य सोळा ओळींचं. मी ते परत दिलं आणि स्वतः लिहिलं: 'रावजी खिलारे यांची जबानी मी टाइप केली. ती त्यांना वाचून दाखवली नाही. वाचून दाखवली असा शिक्का मी मारला.' वकील म्हणाले, "मांढरे, हे फार उघडं आहे. थोडं गुंडाळून लिहा, नोकरी तरी राहील." मी म्हटलं, राहू द्या तसंच.

रावजीची साक्ष पुन्हा घेतली गेली. सीताराम आणखी दीड वर्षाने सुटला. सातातली साडेपाच वर्षं भोगून झाल्यावर. तो सुटला त्या दिवशी मी तिथे नव्हतो. जायचं धैर्य झालं नाही.

माझी मात्र खात्यांतर्गत चौकशी लागली. दोषारोपपत्र घरी आलं, टपालाने. पहिलं वाक्य अकरा ओळींचं होतं: श्री. मांढरे यांनी कर्तव्यात कसूर केली नाही असे म्हणणे उपलब्ध अभिलेखावरून ग्राह्य धरता येणार नाही असे दिसून येत असल्याने, आणि असंच पुढे. खाली सूचना होती की, खुलासा सविस्तर सादर करावा, आवश्यक तर पुरवण्या जोडाव्यात.

मी ते बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने विचारलं, "म्हणजे काय?" मी तिला सांगितलं. मग टाइपरायटरवर कोरा कागद चढवला आणि खुलासा लिहिला.

'खरे आहे.'